बादलीला चार झाकणं

किसनराव, आधीच सांगून ठेवतो, हे तुम्हाला पटणार नाही. पटावं असा माझा हट्टही नाही. आपल्या रोहणा गावात माझं बोलणं आजवर पटलंय कोणाला? दुपट्ट्यात दही बांधून, खांद्यावर टाकून मी आष्टीच्या बाजाराला नेलं आणि दुपट्ट्याला ओल लागली नाही, हे माझ्या सख्ख्या भावालाही मरेपर्यंत पटलं नव्हतं. तेव्हा तुम्ही खुशाल हसा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की यंदाच्या श्रावणात हे सगळं झालं तेव्हा तुम्ही नालवाडीला लेकीकडं डोळ्याला पट्टी बांधून पडले होते, आणि मी इथं हजर होतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हजर म्हणजे नुसता हजर नाही, छाती काढून.

ही सरिता, माझी सून, इथंच ओट्यावर अंबाडी निवडत बसली आहे. तिला विचारा हवं तर. नाही, राहू द्या, तिला तिचं काम करू द्या.

आमच्या घरचं दही तुम्हाला ठाऊक आहे. चंद्री आमची गवळाऊ गाय. इतकी पांढरी, की अवसेला गोठ्यात दिवा लावावा लागत नाही. दूध दोन वेळचं मिळून पाच लिटर, पण त्यात माशी पडली तर बुडत नाही, चालत काठाला जाते. त्या दुधाला माझ्या बायकोचं, तानाबाईचं विरजण. गाडगं उपडं धरा, दही खाली येत नाही. म्हणून तर सप्त्याच्या काल्याचं दही चाळीस वर्षं आमच्या घरी लागतं. आणि काल्याच्या सकाळी पहिलं गाडगं कीर्तनकार बुवांच्या डोक्यावर उपडं धरायचा मानही आमच्याच घरचा. आधी माझ्या बापाचा, मग माझा. रात्री बांधलेलं फडकं देवळात सोडायचं, बुवांनी मान वाकवायची, मी गाडगं उपडं करायचं. थेंब पडला नाही की लोक टाळी वाजवतात आणि काला सुरू होतो.

"हे खरं हाय बाप्पा," किसनराव म्हणाले. "हे म्या पाह्यलेलं हाय."

पाहिलेलं तेवढं खरं, न पाहिलेलं ते फेक. बरं, ऐका.

जेठात सरिताला गावच्या दूध केंद्रावर काम लागलं. माझा पोरगा वर्धेला टेम्पो चालवतो, शनिवारी येतो, सोमवारी जातो. ही घरात बसून राहणारी बाई नव्हे. काम म्हणाल तर दुधाचे कॅन धुवायचे, चाळीस लिटरवाले, सकाळी अकरा, संध्याकाळी अकरा. केंद्र रूपरावाचं. माणूस वाईट नाही. बारा एकर कापसाची पऱ्हाटी पेरतो, बोलतो मोठ्यानं, ऐकतो कमी.

केंद्रातलं दूध वर्धेच्या एका कंपनीत जातं. त्या कंपनीनं आषाढात हुकूम काढला, नुसत्या सोड्यानं कॅन धुऊ नका, हे औषध वापरा. पाच लिटरचा डबा आला. आत गुलाबी पाणी. झाकण उघडलं की दवाखान्याचा वास. डब्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. औषधाचं नाव असं लांबलचक, की वाचून होईतो दूध नासावं.

रूपरावानं डबा उचलला, हलवला, बादलीकडं पाहिलं.

"पंधरा लिटरची बादली हाय नं? मंग फवारणीचा पंपच समजायचा. पंपाले चार झाकणं."

"भाऊजी, याच्यावर काईतरी लिवलं असन," सरिता म्हणाली.

"लिवलं काय असन? औषध ते औषध. बोंडअळी असो का जंतू असो, चार झाकणाबिगर मरते का कोणी?"

आता तुम्हीच सांगा किसनराव, आपल्या भागात यात चूक काढणारा कोण आहे? आपण सगळे औषध पंपानंच मोजतो. माझा नातू आजारी पडला तर मी डॉक्टरला विचारीन, पंपाला किती.

सरितानं चार झाकणं टाकली. पहिला कॅन ब्रशनं घासला, पालथा केला आणि साध्या पाण्याच्या नळाखाली धरला. रूपराव ओरडला.

"काय करून राह्यली वो?"

"खंगाळून घेतो, जी."

"फवारलेल्या पऱ्हाटीले कोणी धुते का? फवाऱ्यावर पाणी पडलं तं डबल फवारा लागते. तसाच राहू दे कॅन. औषधाचा असर राह्यला पायजे."

असा तो कॅन पालथा राहिला, ओल्या औषधासकट. सकाळी त्यातच दूध पडलं. बावीस कॅन रोज, महिनाभर.

त्यात झड लागली. आठ दिवस सूर्य नाही. पाणी आत येतं म्हणून केंद्राचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आत वाफ आणि तो वास. सरिता घरी आली की खोकायची, दमेकऱ्यासारखी छाती धरून. डोळे लाल. मग हात. आधी कातडी कोरडी पडली, गव्हाच्या कोंड्यासारखी सुटायला लागली. मग बोटांच्या पेरांवर भेगा. मग तळव्याला फोड. भाकरीचं पीठ मळताना ती ओठ चावायची. तिखटाचा डबा उघडायला तानाबाईला हाक मारायची. बांगड्या चढत नव्हत्या, उतरत नव्हत्या. हात सदा पदराखाली.

मी लगेच म्हणालो, "बाई, हात झाकू नको. जो त्रास हाय तो रूपरावाले तोंडावर सांग. मी हाय मांगं."

सरिताच्या हातातली अंबाडीची काडी थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी पुढं निघालो, कारण गोष्ट थांबली की श्रोता उठतो.

तर सप्ता आला. दरवर्षी काल्याला गावभरातून थोडंथोडं दूध गोळा होतं. यंदा रूपराव म्हणाला, केंद्राकडून चाळीस लिटर, माझ्यातर्फे. एक कॅन भरून आमच्या ओसरीवर आणून ठेवला. तानाबाईनं दूध तापवलं, कोमट केलं. अकरा गाडग्यांत विरजण लावायला सरिता मदतीला होती. फडकी बांधली. बांधलेलं फडकं देवळातच सोडायचं, घरी कोणी उघडून पाहायचं नाही, ही रीत. चाळीस वर्षांत उघडून पाहायची गरज कोणाला पडली नव्हती.

सकाळी देवळात ही गर्दी. लाह्या, काकडी, भिजवलेली डाळ, सगळं परातीत तयार. मी पहिलं गाडगं घेतलं. फडकं सोडलं. वर जाड साय होती, दिसायला धरल्यासारखंच. बुवांनी मान वाकवली. मी गाडगं उपडं केलं.

किसनराव, हसू नका.

साडेतीन लिटर दूध बुवांच्या फेट्यावरून, कपाळावरून, दाढीतून थेट मृदंगावर. बुवांनी डोळे उघडले आणि लगेच मिटले. मृदंगवाला एकदाच "अग्गं" म्हणाला. दुसरं गाडगं उघडलं, पाणी. तिसरं, पाणी. अकराच्या अकरा. लाह्या परातीत बदकासारख्या पोहायला लागल्या. आधी पोट्टे हसले, मग बाया हसल्या, मग जे माझ्या बापाचा मान राखून चाळीस वर्षं टाळी वाजवत आले ते हसले. माझ्या हातात रिकामं गाडगं, बोटांवरून दूध गळतंय. मला तेव्हा जमीन फाटावी असं वाटलं, ही मात्र फेक नाही.

कोणीतरी म्हणालं, "तानाबाईचा हात म्हातारा झाला."

तानाबाई खाली बसली. चाळीस वर्षं जी बाई काल्याला मान वर करून उभी असायची, ती परातीजवळ बसली आणि लाह्या दुधातून काढायला लागली.

आणि तेव्हा सरिताचा पदर उचलला गेला. रूपरावानं. हो, रूपरावानंच. सरिता बायांत उभी होती, त्यानं पुढं होऊन पदर ओढला आणि तिची दोन्ही मनगटं धरून वर केली. "तानाबाईचा दोष नाई! दुधाचा बी नाई! हे पाहा हात. हे हात लागले दह्याले."

फोड, भेगा, गेलेली कातडी. सगळ्या देवळानं पाहिलं. एका बाईनं आपलं लेकरू मागं ओढलं. मागून कोणी म्हणालं, "दत्तपूरले दाखवा तिले." दत्तपूर म्हणजे महारोग्यांचा दवाखाना, आपल्या जिल्ह्यात या बोलण्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. सरितानं हात सोडवून घेतले नाहीत. रडलीही नाही. मनगटं धरणाऱ्याकडं बघत राहिली, बस.

दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. तिसऱ्या दिवशी केंद्रानं आमचं दूधही परत पाठवलं. त्या घरचं दूध नको. नळावर तिची पाण्याची गुंडी आली की बाकीच्यांच्या गुंड्या हातभर सरकायच्या. माझ्याच बायकोनं तिचं ताट वेगळं घासलं, तीन दिवस. खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी सरिता आरोग्य केंद्रात गेली. एकटीच गेली, मला त्या दिवशी चंद्रीसाठी सरकीची ढेप आणायची होती. तिथल्या डॉक्टरीणबाईनं हात उलटसुलट पाहिले, टोचून पाहिलं, दुखतं का विचारलं. ही म्हणाली, "दुखते म्हणजे? आग लागल्यावानी." बाई म्हणाल्या, "दुखतंय हे चांगलं आहे. हा तो रोग नाही. तुम्ही कशात हात घालता?" हिनं त्या दिवशी जाताना केंद्राच्या कचऱ्यातून औषधाचा रिकामा डबाच पिशवीत घालून नेला होता! बाईंनी नाव वाचलं आणि म्हणाल्या, "हे चामडीला जाळतं, घट्ट असलं तर जास्तच. बंद खोलीत श्वासालाही लागतं. औषध वाईट नाही, पण पाण्यात नेमकं मिसळावं लागतं, आणि हातमोजे लागतात. हात पंधरा-वीस दिवसांत भरतील." सरितानं ते कागदावर लिहून मागितलं.

येताना बसमध्ये तिनं डब्याच्या मुंगीएवढ्या अक्षरांचा फोटो काढला. फोननं ते मराठीत सांगितलं. दर लिटर पाण्याला दोन मिली, म्हणजे बादलीला एक झाकण. हातमोजे घाला. नंतर स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवा.

ती तशीच केंद्रावर गेली. रूपरावानं कागद वाचला, फोन पाहिला.

"चिठ्ठी कोणी बी लिवते. फोन तं काई बी बोलते. कालच माह्या फोननं मले लग्नाचं स्थळ दाखवलं." लोक हसले.

सरिता घरी परत आली. परत आलेलं चंद्रीचं दूध ओसरीवर होतं. टाकायचं कसं, म्हणून तानाबाई विरजण लावायला बसली होती. सरिता म्हणाली, "आत्याबाई, थांबा. म्या लावतो." आणि भेगाळलेल्या बोटानं विरजण दुधात ढवळलं, सगळ्यांदेखत. तानाबाई बघत राहिली. सकाळी गाडगं पाहिलं तर वीट. तेच घर, तेच विरजण, तेच हात.

"मंग फरक कायचा?" सरिता म्हणाली.

तानाबाईनं गाडगं खाली ठेवलं. ती उठली, तिनं सरिताचं वेगळं ठेवलेलं ताट आणलं आणि आपल्या ताटात घालून ठेवलं. मग लोटा घेऊन केंद्रावर गेली आणि शहाजोगपणानं म्हणाली, "रूपराव, एक लिटर दूध दे बाबा, कॅनातलं. पाहुणे हाय घरी."

पाहुणे कोणी नव्हते. आमच्या घरी फेकणारा मी एकटा नाही.

त्या संध्याकाळी दोन गाडगी लागली. एकात चंद्रीचं दूध, दुसऱ्यात कॅनातलं. दोन्हीत विरजण एकाच वाटीतलं, ढवळणारं बोट एकच. सकाळी, म्हणजे गुरुवारी, कंपनीचे साहेब केंद्र तपासायला यायचे होते.

आता खरी गोष्ट. किसनराव, पुढं सरका.

साहेब जीपमधून उतरले. कोरे कपडे, चष्मा, हातात फाईल. दूध घालायला आलेली सगळी माणसं ओळीत उभी. त्या ओळीतून मी निघालो. एका हातात एक गाडगं, दुसऱ्या हातात दुसरं. मागं सरिता, पदर खोचलेला, हात उघडे. रूपराव आडवा आला.

"ओ, मांगं व्हा. रोगी माणूस दुधाजवळ आणू नका."

मी म्हणालो, "रूपराव, या गावात काल्याचा मान कोण्या घरचा हाय?"

"तुमचा."

"मंग सरक."

तो सरकला. साहेबांना मी म्हणालो, "साहेब, या बाईच्या हाताले रोग हाय म्हणून तुमच्या केंद्रानं हिले काढलं. दोन्ही गाडग्यात हात हिचाच हाय. जरा मान वाकवा."

"का बरं?"

"रीत हाय आमची."

साहेब शहरचे, रीत म्हटल्यावर बिचारे वाकले. मी चंद्रीच्या दुधाचं गाडगं त्यांच्या डोक्यावर उपडं धरलं. माणसांनी श्वास धरला, म्हशींनी रवंथ थांबवला, समोरच्या तारेवरचा कावळा एका पायावर उभा राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. तेवढ्यात एसटी आली, माणसं उतरवून निघून गेली, तरी मी धरूनच. थेंब पडला नाही.

मग मी ते गाडगं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

"साहेब, आता हे. हे तुमच्या कॅनातलं. हात तोच. धरू?"

साहेबांनी वर पाहिलं. गाडग्यात दूध हललं, डुबुक. साहेब दोन पावलं मागं गेले आणि डोक्यावर फाईल धरली.

"नको, नको! काय टाकता तुम्ही कॅनमध्ये?"

रूपराव म्हणाला, "तुमचंच औषध, साहेब. पंपाले चार झाकणं."

"चार? आणि नंतर धुता ना?"

"धुतलं तं असर कसा राहीन, जी?"

साहेबांनी फाईल डोक्यावरून खाली घेतली. मग म्हणाले, "अहो, हे जंतू मारायचं औषध आहे. दही म्हणजे जंतूच. चारपट औषध कॅनमध्ये ठेवून त्यात दूध ओतता, मग दही लागेल कसं? आणि या बाई रोज यात हात घालत होत्या? मोज्यांशिवाय?"

कोणी हसलं नाही. रूपरावाचं तोंड करपलेल्या पऱ्हाटीसारखं झालं. मुद्दाम केलं नव्हतं त्यानं, हे मी आजही म्हणतो. बादली दिसली की त्याला पंप दिसतो, एवढंच.

साहेब म्हणाले, "बाई, उद्यापासून कामावर या. मोजे पाठवतो."

मी म्हणालो, "नाई साहेब. असं नाई जमत. मोजे आधी, काम मंग. शटर पुरतं वर राहीन. बादलीले एक झाकण, आन माप हिच्या हाती राहीन, रूपरावाच्या नाई. आन ज्यानं हिचे हात देवळात सगळ्याईले दाखवले, त्यानं देवळातच, सगळ्याईसमोर, माफी मांगायची. तवा ही येईन."

साहेबांनी मान हलवली. रूपराव हात जोडून उभा. ओळीतल्या बायांनी टाळी वाजवली, काल्याला वाजवतात तशी. आज केंद्रावर जाऊन पाहा, मापाचं झाकण सरिताच्या किल्लीला बांधलेलं आहे. हात भरले तिचे. थोडे डाग राहिले आहेत, तेवढंच.

किसनराव माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बंडूजी, तुमी? तुमी तं तलाठ्यासमोर बी टोपी काढून उभे राह्यता."

"म्हटलं नव्हतं, पटणार नाई म्हणून?"

"मंग माफी मांगतली का रूपरावानं? देवळात?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सरितानं अंबाडीची पाटी बाजूला सरकवली. पदराला हात पुसले. पोरगी या घरात आल्यापासून परक्या माणसासमोर माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"मामाजी, गाडगं म्या धरलं होतं. तुमी गोठ्यात चंद्रीच्या मांगं होते. बलावाले आली तं म्हणाले, मले खोकला आला, तू जाय. पन गाडगं तुमी धरलं म्हणा, मले काई नाई. अख्ख्या तालुक्यात सांगजा. दोन थेंब पडले होते सायबाच्या कॉलरात, ते बी नका सांगू." तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले, तळवे वर. "पन देवळात माहा पदर रूपरावभाऊजीनं ओढला म्हणून नका सांगू. तो तुमी ओढला होता."